बाळासोबत बिझनेस क्लास: सीट कुणाला द्यावी?

विचारणाऱ्या ताई न्यू जर्सीतल्या एडिसनला राहतात. डिसेंबरात त्या, त्यांचे यजमान, साडेपाच वर्षांची मुलगी आणि तेव्हा २३ महिन्यांचा असणारा मुलगा असे चौघं मुंबईला येणार आहेत. फेब्रुवारीत परत जाताना सासूबाईही सोबत असतील. दोन्ही वेळा थेट विमान, १५-१६ तासांचं. क्रेडिट कार्डाचे पॉइंट साठवून परतीच्या दोन बिझनेस क्लास सीट निघताहेत. त्यांचा बेत असा: एका सीटवर त्या स्वतः आणि मांडीवर बाळ, दुसऱ्या सीटवर सासूबाई, यजमान आणि मुलगी मागे इकॉनॉमीत. त्यांना दोन गोष्टी विचारायच्या आहेत. हा बेत बरोबर आहे का? आणि बाळ रडलं तर पुढच्या केबिनमधल्या लोकांना तोंड कसं दाखवायचं?

मी २१ वर्षं लांब पल्ल्याच्या विमानांत केबिन क्रू म्हणून काम केलं. त्यातली शेवटची १२ पर्सर, म्हणजे केबिन क्रूची प्रमुख म्हणून, बहुतेक बिझनेस आणि फर्स्टमध्ये. माझी दोन्ही मुलं लहान असताना त्यांना घेऊन मी दोन्ही केबिनमध्ये बसलेही आहे. तेव्हा सविस्तर सांगते.

ताई, आधी बाळाच्या वाढदिवसाची तारीख बघा. डिसेंबरात तो २३ महिन्यांचा, म्हणजे जानेवारीत त्याला दोन वर्षं पूर्ण होतील. मांडीवरचं तिकीट दोन वर्षांखालच्या बाळाला मिळतं, आणि वय धरतात ते त्या त्या प्रवासाच्या दिवशीचं, तिकीट काढलं त्या दिवशीचं नाही. येताना तो मांडीवर चालेल. परतताना त्याला स्वतःची सीट घ्यावीच लागेल, मग केबिन कुठलीही असो. चेक-इनच्या काउंटरवर पासपोर्टवरची जन्मतारीख बघतात आणि तिथे गयावया करून उपयोग होत नाही. रात्री अकरा वाजता, विमान सुटायला तीन तास असताना, त्या दिवशीच्या भावाने एकेरी तिकीट घ्यावं लागलेलं एक कुटुंब मी पाहिलं आहे. आजच विमान कंपनीला फोन करा आणि परतीसाठी त्याची स्वतंत्र सीट नोंदवून घ्या.

म्हणजे तुमचा बेत नियमानेच बाद होतो. पण मुलगा दीड वर्षाचा असता तरी मी तुम्हाला ‘असं करू नका’ असंच सांगितलं असतं.

सगळ्यांच्या मनात पहिल्यांदा हेच येतं की आई आणि बाळ थकणार, म्हणून त्यांना पुढे बसवावं. यामागे माया आहे, मला ती कळते. पण बिझनेस क्लासची सीट एकट्या मोठ्या माणसासाठी बनवलेली असते. गेल्या पंधरा-वीस वर्षांत तिची सगळी प्रगती एकाच दिशेने झाली आहे, शेजारचा माणूस दिसू नये. १-२-१ अशी मांडणी (दोन्ही खिडक्यांशी एकेक सीट, मधे दोन), माशाच्या काट्यासारख्या तिरप्या सीट, खांद्यापर्यंत उंच कवच, आणि आता सरकतं दार. एअर इंडियाकडे २०२३च्या अखेरीस आलेलं पहिलं ए३५० विमान घ्या. त्यात बिझनेसच्या २८ सीट आहेत आणि प्रत्येकीला दार आहे. कामासाठी एकट्याने जाणाऱ्याला ते फार सुखाचं. दीड-दोन वर्षांच्या मुलाला मात्र त्या कवचात बसवलं की त्याला आई दिसत नाही आणि आईला तो दिसत नाही. मधे हात घालायलाही धड जागा नसते.

म्हणून तिकीट काढताना केबिनचं नाव बघण्याआधी सीटमॅप बघा. लहान मुलं असलेल्यांना जुनी, ‘मागासलेली’ म्हणून नावं ठेवलेली मांडणी बरी पडते. एअर इंडियाच्या जुन्या ड्रीमलायनरमध्ये बिझनेस २-२-२ अशी होती, एमिरेट्सच्या नूतनीकरण न झालेल्या ७७७ मध्ये २-३-२. प्रवासाबद्दल लिहिणारे त्या मधल्या सीटची निंदा करतात, पण आई, मूल आणि बाबा अशा तिघांना सलग तीन आडव्या होणाऱ्या सीट दुसरीकडे कुठे मिळणार? १-२-१ मध्ये मधल्या दोन सीट घ्याव्यात, आणि त्यातही नीट बघावं. काही विमानांत एका रांगेतल्या मधल्या सीट एकमेकींना चिकटून असतात आणि पुढच्या रांगेत मधे टेबल टाकून लांब केलेल्या असतात. एका रांगेच्या फरकाने सगळा प्रवास बदलतो. चौघांचं कुटुंब असेल तर कतार एअरवेजने २०१७ मध्ये आणलेली क्यूस्वीट माझ्या मते सगळ्यात चांगली, कारण त्यात मधल्या चार सीटची पार्टिशन सारून चौघांना समोरासमोर बसता येतं. मुलांचा विचार करून केलेली बिझनेस केबिन मला एवढी एकच आठवते. फक्त ती कतारच्या सगळ्या विमानांत नाही, तेव्हा तिकिटावरचं विमान तपासा.

पहिल्या रांगेबद्दल एक बारीक गोष्ट. तिरप्या मांडणीत पाय घालायची जागा पुढच्या सीटच्या पोटात असते, त्यामुळे ती निमुळती होते. पहिल्या रांगेपुढे भिंत असल्याने बहुतेक विमानांत तिथे पायाकडचा भाग रुंद असतो, आणि आई-बाळ एका बेडवर झोपणार असतील तर त्या जागेने फार फरक पडतो.

आता पाळणा, म्हणजे बासिनेट. तो याच पहिल्या रांगेच्या भिंतीला लागतो, आणि सगळ्या आयांची आशा त्याच्यावर असते. बहुतेक कंपन्यांत तो १० ते १४ किलो वजनापर्यंतच देतात. काही ठिकाणी लांबीचीही अट असते. एमिरेट्समध्ये ११ किलो आणि ७५ सेंटीमीटर. सव्वा वर्षाचं बाळच ७५ सेंटीमीटरच्या पुढे जातं, त्यामुळे पाळणा खरा कामाचा पहिल्या आठ-दहा महिन्यांत. तुमच्या मुलाला तो डिसेंबरातही होणार नाही, त्याचा विचार सोडून द्या. ज्यांचं बाळ लहान आहे त्यांनी हे लक्षात ठेवावं की सीटबेल्टचा दिवा लागला की बहुतेक कंपन्यांत बाळाला पाळण्यातून उचलून मांडीवर घ्यावं लागतं, मग ते नुकतंच का झोपलेलं असेना. ‘आत्ताच डोळा लागलाय हो’ असं आई म्हणते तेव्हा माझ्याही पोटात तुटायचं, पण मी एकदाही सवलत दिली नाही. २१ मे २०२४ रोजी लंडनहून सिंगापूरला जाणाऱ्या सिंगापूर एअरलाइन्सच्या विमानाचं काय झालं ते तुम्ही वाचलं असेल. ४.६ सेकंदांत ते १७८ फूट खाली आलं. फूट फार नाहीत, पण तेवढ्यात पट्टा न बांधलेली माणसं छतावर आपटली. एका प्रवाशाचा मृत्यू झाला, कित्येक जखमी झाले आणि विमान बँकॉकला उतरवावं लागलं. पाळण्यातल्या बाळाला त्या ४.६ सेकंदांत कुणीही धरू शकत नाही.

इथूनच मी माझ्या मुख्य मुद्द्यावर येते. १६ तास मांडीवर बसणाऱ्या मुलाच्या दृष्टीने बिझनेस क्लास ही चैन नाहीच. त्याला लागते स्वतःची जागा आणि तिला बांधलेला चांगला पट्टा. आणि ही गोष्ट इकॉनॉमीत जास्त सहज मिळते.

मांडीवरच्या बाळासाठी भारतीय आणि युरोपीय कंपन्या आईच्या पट्ट्यात ओवायचा एक छोटा पट्टा देतात. अमेरिकी कंपन्या तो टेक-ऑफ आणि लँडिंगला देत नाहीत, कारण तिथल्या विमान प्रशासनाच्या मते जोराचा धक्का बसला तर आईचं वजन बाळावर येतं. बाळ नुसतं हातात धरायचं, हेच तिथे चालतं. दोन्हीपैकी एकही उपाय मला समाधानकारक वाटत नाही, आणि यामागे एक नाव आहे जे आमच्या व्यवसायातल्या अनेकांना माहीत असतं: जॅन ब्राऊन. १९ जुलै १९८९ रोजी डेन्व्हरहून शिकागोला निघालेल्या युनायटेड २३२ या विमानाचं मागचं इंजिन हवेत फुटलं आणि विमान वळवण्याची यंत्रणाच गेली. जॅन ब्राऊन त्यावर मुख्य अटेंडंट होत्या. विमानात मांडीवरची चार मुलं होती. तेव्हाच्या पद्धतीप्रमाणे त्यांनी आईवडिलांना सांगितलं, मुलांना ब्लँकेट-उशांत गुंडाळून पायाशी जमिनीवर ठेवा. विमान आयोवातल्या सू सिटीच्या धावपट्टीवर कोसळलं. २९६ जणांपैकी १८४ वाचले. त्या चार मुलांपैकी एक गेलं. आपण आईला काय सांगितलं होतं ते जॅन ब्राऊन विसरल्या नाहीत. प्रत्येक मुलाला स्वतःची सीट आणि पट्टा मिळावा म्हणून त्या नंतर वर्षानुवर्षं झगडल्या. नियम अजून बदललेला नाही. मी स्वतः आई झाल्यावर मुलाला एकदाही मांडीवरच्या तिकिटावर नेलं नाही.

तुम्ही अमेरिकेत राहता, म्हणजे घरी मुलाची कार सीट असणारच. तिच्या बाजूला किंवा खाली लाल अक्षरांत ‘गाडी आणि विमान दोन्हींसाठी प्रमाणित’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ आहे का बघा. असेल तर ती विमानात वापरता येते. इकॉनॉमीत ती खिडकीशी लावतात, म्हणजे कुणाच्या बाहेर पडण्याच्या वाटेत येत नाही. फक्त सीटची रुंदी आधी मोजून घ्या. रोजच्या ओळखीच्या सीटवर मूल जितकं शांत झोपतं तितकं विमानातल्या कुठल्याच बेडवर झोपत नाही, हे मी शेकडो वेळा पाहिलं आहे. मुलगा २ वर्षांचा आणि वजन १० ते २० किलोंच्या मधे असेल तर केअर्स नावाचा खांद्यावरून येणारा पट्टाही चालतो. पिशवीत मावतो, कार सीटसारखं ओझं नाही. पण तो सीटच्या पाठीमागून ओवावा लागतो, म्हणून बिझनेसच्या कवचाला तो बसत नाही. कार सीटचंही तेच. तिरप्या सीटवर ती लावायला बऱ्याच ठिकाणी परवानगी नसते. शिवाय बिझनेसच्या अनेक पट्ट्यांत एअरबॅग असते, आणि तिच्यासोबत कार सीट किंवा मांडीवरचं बाळ चालत नाही. काही कंपन्या एअरबॅग बंद करणारा जोडपट्टा देतात, काही ठराविक सीटच देतात. हे आधी फोनवर न विचारता आलेली आई दारातच अडकते आणि आम्हाला सगळी केबिन हलवावी लागते.

म्हणून तुमच्या पाच जणांसाठी माझा सल्ला असा: पुढे सासूबाई आणि नात. मागे खिडकीशी कार सीटवर मुलगा, मधे तुम्ही, कडेला यजमान.

तुम्हाला वाटेल ही उलटीच तऱ्हा झाली. पण विचार करा. साडेपाच वर्षांची मुलगी मधल्या जोडसीटवर, पार्टिशन खाली करून, आजीशेजारी बसली तर तिला तिथलं सगळं कळतं आणि आवडतं. तिला पट्टा नीट बसतो, सीट आडवी होते तेव्हा ती तिच्यात ऐसपैस मावते, गोष्ट ऐकता ऐकता सात-आठ तास झोपते. आजीचे पाय सुजत नाहीत, कंबर धरत नाही, आणि इंग्रजी बोलायची वेळ आली तर नात आहेच! मागे तुम्ही दोघं एका मुलामागे, म्हणजे तीन-तीन तासांच्या पाळ्या लावता येतात. एक जागा, एक झोपला. पुढच्या कवचात तुम्ही एकट्या असता तर संडासला जायचं तरी बाळाला कुणाकडे देणार? आम्ही घेतो, आनंदाने घेतो, पण जेवणाच्या वेळेला किंवा विमान हलत असताना घेऊ शकत नाही.

यात एक अट आहे आणि ती मी मऊ करून सांगणार नाही. सासूबाई धडधाकट असल्या पाहिजेत. मास्क पडला तर आधी स्वतःला आणि लगेच नातीला लावता येईल का? गरज पडली तर सामान सोडून तिचा हात धरून घसरगुंडीवरून उतरता येईल का? २ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सचं विमान पेटलं तेव्हा त्यातले ३७९ च्या ३७९ जण बाहेर पडले, आणि त्यांत दोन वर्षांखालची आठ मुलं होती. लोक बॅगा सोडून उठले आणि क्रूने सांगितलं तसं वागले, म्हणून हे जमलं. सासूबाईंना व्हीलचेअर लागत असेल तर मुलीची जबाबदारी त्यांच्यावर टाकू नका. मग ‘सासूबाई आणि यजमान पुढे, तुम्ही दोन्ही मुलांसह मागे’ असंही करू नका, १६ तास एका बाईवर दोन मुलं हा अन्याय आहे. त्यापेक्षा पाचही जण मागे एकत्र बसा आणि पॉइंट पुढच्या प्रवासासाठी ठेवा.

मधेच जागा बदलता येईल का, हा प्रश्न मला नेहमी येतो. त्यावर विसंबून बेत आखू नका. मागच्या केबिनमधून पुढे यायला बहुतेक ठिकाणी मनाई असते आणि निर्णय त्या दिवशीच्या पर्सरचा असतो. पुढच्यांना मागे येऊन भेटता येतं, तेही क्रूला विचारून. विमानात शिरताना पर्सरला एकदाच शांतपणे सांगून ठेवा, माझी मुलगी तिच्या आजीबरोबर पुढे आहे, आम्ही अमुक रांगेत आहोत. मी तर तो रांगेचा नंबर कागदावर लिहून गॅलीत, म्हणजे विमानाच्या स्वयंपाकघरात, चिकटवायचे.

पॉइंटची दोन तिकिटं आणि पैशांची तीन तिकिटं म्हणजे दोन वेगळे पीएनआर होतील. फोन करून ते एकमेकांना जोडून घ्या. भारतात विमान वाहतूक महासंचालनालयाने एप्रिल २०२४ मध्ये कंपन्यांना बजावलं आहे की १२ वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच पीएनआरवरच्या पालकांपैकी निदान एकाशेजारी सीट द्यावी. आजी आणि नातीचं तिकीट म्हणूनच एकाच पीएनआरवर असलं पाहिजे.

पॉइंटवर जाणाऱ्या ज्यांचं बाळ अजून दोनच्या आत आहे, त्यांच्यासाठी एक सूचना. आईचं तिकीट पॉइंटवर निघालं तरी मांडीवरच्या बाळाचं फुकट नसतं. आंतरराष्ट्रीय प्रवासात साधारण मोठ्याच्या भाड्याच्या १० टक्के पडतात, आणि अनेक कंपन्या हे १० टक्के बिझनेसच्या पूर्ण रोख भाड्यावर मोजतात. भाडं चार लाख असेल तर मांडीवरचं बाळ चाळीस हजारांचं होतं. ब्रिटिश एअरवेज पॉइंटच्याच १० टक्के घेते, एअर कॅनडाचा एअरोप्लॅन कार्यक्रम २५ कॅनडियन डॉलर किंवा २,५०० पॉइंट. कुठल्या कार्यक्रमातून तिकीट काढता त्यावर एवढा फरक पडतो.

प्रीमियम इकॉनॉमीबद्दल, म्हणजे इकॉनॉमी आणि बिझनेसच्या मधल्या वर्गाबद्दल, थोडक्यात. एक-दोन मोठ्या माणसांना छान, लहान मुलांना मला ती पटत नाही. तिथले हात ठेवायचे दांडे पक्के असतात, कारण ट्रे त्यांच्यातच बसवलेला असतो. साध्या इकॉनॉमीत दांडे वर करून मूल आईच्या मांडीवर डोकं ठेवून आडवं होतं, इथे तेही नाही. त्या पैशांत इकॉनॉमीची एक जादा सीट घ्या. एअर न्यूझीलंडने तर २०११ पासून तीन सीटचा कोच करायची सोय ठेवली आहे. तिकडे जाणाऱ्या मराठी कुटुंबांना मी नेहमी तीच सुचवते. आणि मुंबई-दिल्लीसारख्या दोन तासांच्या प्रवासाला मुलांसाठी बिझनेसवर पैसे घालवू नयेत, त्यातल्या बहुतेक विमानांत सीट आडवी होतच नाही.

आता लोकांचं. तुम्ही ‘तोंड कसं दाखवायचं’ असं लिहिलंत ते वाचून मला वाईट वाटलं. मुलांना दूर ठेवायचे प्रयत्न झाले आहेत हे खरं. मलेशिया एअरलाइन्सने २०११ च्या सुमारास फर्स्टमध्ये तान्ह्या बाळांना बंदी केली होती, एअर एशिया एक्सने २०१३ मध्ये ‘शांत विभाग’ काढला, आपल्या इंडिगोने २०१६ मध्ये पहिल्या चार आणि ११ ते १४ या रांगा १२ वर्षांखालच्यांना बंद केल्या. जपान एअरलाइन्सचा मार्ग मला बरा वाटतो. २०१९ पासून ते सीटमॅपवर लहान बाळाचं चित्र दाखवतात, ज्याला नको तो दुसरी सीट घेतो. पण ज्या केबिनमध्ये मुलांना परवानगी आहे तिथे तुमचं बाळ पाहुणं नाही, तिकीट काढून बसलेला प्रवासी आहे. माझ्या अनुभवात लोक रडणाऱ्या मुलावर फारसे चिडत नाहीत. आईबाप हेडफोन लावून सिनेमा बघताहेत आणि मूल मागून सीटला लाथा मारतंय, यावर चिडतात. तुम्ही मुलाला कडेवर घेऊन गॅलीत येरझारा घालताय हे दिसलं की कडक सुटातला माणूसही पाणी आणून देतो. शेजाऱ्यांना कानात घालायचे बोळे आणि चॉकलेटच्या पुड्या वाटायची प्रथा आली आहे, तिची काही गरज नाही. मूल जन्माला घातल्याबद्दल कुणाची माफी मागायची नसते.

आता पुढच्या केबिनमधले धोके. हे कुणी सांगत नाही, आणि सासूबाई-नातीला तुम्ही हे समजावून ठेवावंत. पहिला धोका गरम चहा-कॉफीचा. इकॉनॉमीत कागदी पेला असतो. बिझनेसमध्ये चिनी मातीचा कप, बशी, टेबलावर सुती कापड, आणि मुलाचा हात त्या कापडाच्या टोकाशी. एकदा एका छोट्या मुलीने ते कापड ओढलं आणि तिचा हात कोपरापर्यंत भाजला. आम्ही वीस मिनिटं थंड पाण्याची धार धरली. भाजल्यावर हेच करायचं, टूथपेस्ट नाही, हळद नाही, बर्फही नाही. तेव्हापासून मी मुलांच्या शेजारी गरम पेय अर्धा कप आणि कोमट द्यायचे, आणि सांगायचे की कापड काढून ठेवलंय. दुसरा धोका सीटच्या मोटरचा. बेड वर उचलताना खालच्या फटीत लहान बोटं, खेळणी, फोन सापडतात. फोन चिरडला तर त्याची बॅटरी पेट घेऊ शकते. फोन फटीत पडला तर सीट अजिबात हलवायची नाही, क्रूला बोलवायचं. मुलीला बटणं दाबण्याचा मोह होणारच. तेव्हा आजीने सांगावं, सीट हलवायची ती फक्त मी. आणि झोपताना पट्टा पांघरुणावरून बांधावा, म्हणजे दिवा लागला तरी कुणी उठवत नाही.

कानाला दडे बसण्याबद्दल. चढताना त्रास कमी, उतरताना जास्त, आणि मोठ्यांना कळायच्या आधी उतरण सुरू झालेली असते, जमिनीला टेकण्याच्या साधारण अर्धा तास आधी. क्रूला सांगून ठेवा, उतरायला लागलं की मला सांगा. तेव्हा मुलाला जागं करून दूध, पाणी, काहीही घोट घोट गिळायला द्या. दूध आधीच पाजून संपवलं तर नेमक्या वेळी हातात काही उरत नाही, ही सगळ्यांची चूक. बाळाचं दूध, पाणी, पेज यांना १०० मिलिलिटरची अट लागू नाही, सुरक्षा तपासणीत वेगळं काढून दाखवायचं.

झोपेचं औषध देऊ नका. ‘आमच्या डॉक्टरांनी खोकल्याचं दिलंय, त्याने झोपेल’ असं म्हणणारी आई दर महिन्याला भेटायची. अशा काही औषधांत असणारं, गुंगी आणणारं प्रोमेथाझिन दोन वर्षांखालच्या मुलांना देऊ नये असा कडक इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ मध्येच दिला, कारण त्याने श्वास मंदावतो. दोन वर्षांनंतरही विमानात, जिथे हवेचा दाब सहा ते आठ हजार फुटांवरच्या डोंगरासारखा असतो, तिथे हा प्रयोग नको. शिवाय काही मुलं त्याने झोपण्याऐवजी उलट बेभान होतात.

खाण्याचं आपलं आपण न्या. मुलांचं खास जेवण २४ तास आधी सांगावं लागतं आणि ते आलं तरी त्यात बहुधा चिप्स आणि चॉकलेट असतं. नाचणीचं सत्त्व कोरडं न्या, गॅलीत कोमट पाणी मागा. दशम्या, राजगिऱ्याचे लाडू, मेतकूट घातलेले कोरडे पोहे. पुढच्या केबिनमध्ये जेवण टेक-ऑफनंतर तास-दीड तासाने सुरू होऊन लांबतं, तोवर मुलगी पेंगलेली असेल. सासूबाईंनी चढल्या चढल्या सांगावं, नातीला आधी वाढा, किंवा उठेल तेव्हा द्या. बिझनेसमध्ये यासाठी कुणी कपाळाला आठ्या घालत नाही.

डिसेंबरच्या येण्याच्या प्रवासालाही मुलासाठी सीट घ्यावी का? मी म्हणेन, घ्या. फक्त एक महिन्यासाठी तो नियमात मांडीवर बसतो, पण वजनाने तो बारा किलोंच्या घरातला मुलगा आहे, आणि १६ तास मांडीवर बारा किलो म्हणजे मुंबईला उतरताना तुमची मांडी तुमची राहणार नाही. फोन कराल तेव्हा हे विचारा: परतीच्या विमानाची बिझनेसची मांडणी कुठली, मधल्या जोडसीट कुठल्या रांगेत चिकटून आहेत, त्यांचं पार्टिशन खाली होतं का, इकॉनॉमीत कार सीटला रुंदी किती मिळते, आणि ऐनवेळी विमान बदललं तर पाच जणांच्या जागा कोण लावून देणार. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बोलणाऱ्याकडून ईमेलवर मागून घ्या. विमान बदलतं, आणि तेव्हा काउंटरवर तो ईमेल दाखवता येतो.